‘परिस्थिती’ची संहिता : शिक्षानिश्चिती आणि चरित्रकथनाचा प्रश्न

‘त्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे’ या वाक्यातील ‘परिस्थिती’ म्हणजे काय, हे मराठी भाषकाला विचारावे लागत नाही. कोशात या शब्दाचा अर्थ ‘सभोवतालची अवस्था’ एवढाच असेल. व्यवहारात तो आर्थिक ओढगस्तीचा सभ्य पर्याय होऊन बसला आहे. मराठी सामाजिक कादंबरीने हा अर्थ अधिक पक्का केला. गुन्हेगाराच्या वैयक्तिक परिस्थितीचा विचार करून न्यायालयाने शिक्षा ठरवावी असे म्हटले, की या वाचनसंस्कारात वाढलेल्या मनात एक कथा आपोआप उभी राहते : गरिबी, उपेक्षा, वाईट संगत आणि अखेरीस एक दुर्दैवी क्षण. न्यायालयापुढे मात्र ही कथा क्वचितच येते. तेथे येतात त्या नोंदी : वय, शिक्षण, अवलंबून असलेली माणसे, पूर्वीचे गुन्हे, तुरुंगातील वर्तणूक. नोंद आणि कथन यांतला भेद कथनमीमांसेला नवा नाही. शिक्षानिश्चितीच्या प्रश्नाला तो लावून पाहिला तर काय दिसते, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. हा शोध मुख्यतः देहान्त शासनाच्या संदर्भात आहे, कारण माणसाच्या आयुष्याचा पाठ कसा वाचला जातो यावर ते आयुष्य उरणे न उरणे तेथेच अवलंबून असते.

भारतीय फौजदारी प्रक्रियेत आरोपीच्या चरित्राला स्वतंत्र जागा मिळाली ती उशिरा. १८९८ च्या संहितेनुसार, देहान्त शासनास पात्र असलेल्या गुन्ह्यात ते शासन दिले नाही तर न्यायाधीशाला त्याची कारणे नोंदवावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन गेले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तराजू उलटा केला. कलम ३५४(३) नुसार फाशी द्यावयाची तर ‘विशेष कारणे’ देणे आवश्यक झाले आणि कलम २३५(२) नुसार दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक झाले. या दुसऱ्या तरतुदीमागे विधी आयोगाच्या १९७२ मधील अठ्ठेचाळिसाव्या अहवालाची शिफारस होती. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमे अनुक्रमे ३९३(३) आणि २५८(२) या क्रमांकांनी आली आहेत.

कथनदृष्ट्या पाहता २३५(२) ही तरतूद क्रांतिकारक म्हणावी लागेल. खटल्याची मुख्य कथा कृतीची असते : कोणी, कधी, कोठे, कोणत्या हत्याराने. तिच्यात आरोपी कर्ता म्हणून येतो, व्यक्ती म्हणून नव्हे. त्याचे बालपण, त्याचा धंदा, त्याचे आजार हे सारे पुराव्याच्या कायद्याने बहुतांशी असंबद्ध ठरवून बाहेर ठेवलेले असते. दोषसिद्धीची घोषणा होताच संबद्धतेचा निकष क्षणात पालटतो. आतापर्यंत जे गैरलागू होते तेच आता कळीचे ठरते. अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेत कृतीला प्रथम आणि शीलाला दुय्यम स्थान दिले. १९७३ ची संहिता जणू एकाच नाट्यात दोन काव्यशास्त्रे बसवू पाहते : पूर्वार्धात कृतीचे, उत्तरार्धात शीलाचे. अडचण अशी, की उत्तरार्ध पुष्कळदा त्याच दिवशी, त्याच दुपारी, काही मिनिटांत उरकला जातो. वकील उठतो, आरोपी तरुण आहे, त्याचे आईवडील वृद्ध आहेत, पूर्वीचा गुन्हा नाही, असे सांगतो आणि खाली बसतो. ही तीन वाक्ये चरित्र नव्हेत. ती चरित्राच्या जागी ठेवलेली पाटी आहे.

सर्वोच्च न्यायालयाला याची जाणीव नव्हती असे नाही. सांता सिंग खटल्यात (१९७६) ही सुनावणी केवळ तोंडी उपचार नसून तीत शिक्षेसंबंधी साहित्य मांडण्याची संधी अंतर्भूत आहे, असे म्हणून न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. पुढच्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील मानवत येथील हत्याकांडाच्या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी थोडी वेगळी दिशा घेतली : सुनावणी राहून गेली म्हणून प्रत्येक वेळी खटला खाली पाठवण्याचे कारण नाही, वरिष्ठ न्यायालय ती उणीव स्वतः भरून काढू शकते. व्यवहारदृष्ट्या हे समंजसपणाचे असेल. तथापि त्यातून एक गृहीत सूचित होते : आयुष्याची हकिकत कोणत्याही टप्प्यावर, कोणत्याही मंचावर, मूळ श्रोत्याच्या अनुपस्थितीतही पुरवणी म्हणून जोडता येते. कथनाचा काळ आणि त्याचा श्रोता हे अर्थनिर्मितीचे घटक आहेत, हे या गृहीतात बसत नाही.

बचनसिंग खटल्याचा निकाल (९ मे १९८०) हा या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथ. चार विरुद्ध एक अशा बहुमताने घटनापीठाने देहान्त शासन वैध ठरवले; परंतु ते ‘विरळातील विरळ’ प्रकरणापुरते, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करूनच द्यावे, असे बजावले. शिक्षेची तीव्रता कमी करू शकणाऱ्या परिस्थितीची एक यादी डॉ. चितळे यांनी सुचवली होती. ती निकालपत्रात उद्धृत होऊन जवळजवळ कायद्याच्या तोलाची झाली. ही यादी साहित्याच्या अभ्यासकाने एकदा सावकाश वाचावी अशी आहे. तीत सात बाबी आहेत : टोकाचा मानसिक वा भावनिक क्षोभ, वय, पुन्हा हिंसक कृत्ये करून समाजाला धोका होण्याची शक्यता नसणे, सुधारण्याची शक्यता, कृत्य नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे असा आरोपीचा समज, दुसऱ्याचा दबाव अथवा वर्चस्व, आणि मानसिक दोषामुळे कृत्याचे गैरपण न उमगणे.

या यादीत दारिद्र्य नाही. मराठी कानाला ‘परिस्थिती’ म्हणताच जे प्रथम ऐकू येते, तेच तिच्यात अनुपस्थित आहे. भूतकाळालाही तिच्यात फारशी जागा नाही. सातपैकी बहुतेक बाबी कृत्याच्या क्षणाशी किंवा भविष्याशी निगडित आहेत. माणूस त्या क्षणापर्यंत कसा आला, याविषयी यादी मूक आहे. शमनकारी परिस्थितीचा अर्थ उदारपणे व व्यापकपणे लावावा असे त्याच निकालपत्राने बजावले, हे मान्य. पण व्याप्तीचे आवाहन आणि यादीचे रूप यांत ओढाताण राहतेच. यादी ही व्याप्तीची शत्रू असते. तिच्यातील घटक एकमेकांशेजारी उभे असतात, एकमेकांतून उद्भवत नाहीत. ‘वय एकोणीस’ ही नोंद आणि ‘दुसऱ्याचे वर्चस्व’ ही नोंद यांच्या मध्ये जे घडले ते कथन. तेच गळून पडते.

मच्छीसिंग खटल्याने (१९८३) या रूपाला एक रूपक दिले आणि ते रूपकच पुढे पद्धत होऊन बसले. शिक्षा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या परिस्थितीचा ‘ताळेबंद’ मांडावा, असे तेथे म्हटले आहे. ताळेबंदाची कल्पना सोपी आणि म्हणून मोहक. पण तिच्यात दोन्ही बाजूंच्या रकमा एकाच चलनात असाव्या लागतात. मृताच्या देहावरील जखमांची संख्या आणि मारेकऱ्याचे अनाथपण यांचे समान चलन कोणते? २०१२ मध्ये संगीत खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच हा आक्षेप आपल्या भाषेत घेतला. भिन्न स्वरूपाच्या दोन गोष्टींची वजाबाकी होत नाही, हा त्याचा मथितार्थ. त्याआधी १९९६ मध्ये रावजी खटल्यात तर गुन्ह्याचे स्वरूपच महत्त्वाचे, गुन्हेगार नव्हे, असा पवित्रा घेतला गेला होता आणि पुढील अनेक निकालांनी तो गिरवला. महाराष्ट्रातून गेलेल्या बरियार खटल्यात (२००९) न्यायालयाने सांगितले, की ही भूमिका बचनसिंगमधील बंधनकारक तत्त्व नजरेआड करून घेतलेली होती. शीलाला बाद करून कृतीवर थांबलेले काव्यशास्त्र तेरा वर्षे चालू राहिले आणि त्यातून माणसे फाशीच्या कोठडीत गेली, असा याचा सरळ अर्थ. संहितेच्या अर्थनिर्णयनातील चूक एवढी महाग क्वचितच पडते.

नोंदीऐवजी कथन असते तर प्रश्न सुटला असता काय? येथे घाई करण्याचे कारण नाही. कथनही निरपराध नसते. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीचा उपसंहार हा शिक्षानिश्चितीच्या सुनावणीचा कदाचित सर्वांत मार्मिक साहित्यिक पाठ असावा; आणि तो या अंगाने अगदी कमी वाचला गेला आहे. रास्कोल्निकोव्हला दोन खुनांसाठी सैबेरियात अवघी आठ वर्षे सक्तमजुरी होते. का? त्याने लुटीचा उपयोग केला नाही, स्वतःहून कबुली दिली. शिवाय साक्षीदार पुढे येतात. विद्यार्थी असताना त्याने क्षयाने आजारी असलेल्या गरीब सोबत्याला सांभाळले होते. आगीतून दोन लहान मुलांना वाचवताना तो स्वतः भाजला होता. या सर्व नोंदी खऱ्या आहेत. आणि हेतू? दारिद्र्य, असहाय्यता, आयुष्याची सुरुवात करण्यासाठी लागणारे पैसे, असे तो न्यायालयाला सांगतो. पश्चात्तापही होतो असे सांगतो. निवेदक या उत्तरांच्या ढोबळपणाकडे लक्ष वेधतो, आणि ते योग्यच; कारण सोन्यापुढे रास्कोल्निकोव्हने नेमकी हीच गरिबीची कारणमीमांसा आधी फेटाळलेली वाचकाने वाचली आहे. न्यायालयाला हवी असलेली ‘परिस्थिती’ तो पुरवतो, कारण ती तयार साच्यात मिळते. शेकडो पृष्ठांत कादंबरीने जे उभे केले त्यातले काहीच शिक्षेच्या निर्णयात येत नाही. येतो तो एक सद्वर्तनी, गरीब, पश्चात्तापदग्ध तरुण. शिक्षा सौम्य होते आणि ती योग्यही वाटते. मात्र ती दुसऱ्याच माणसाला दिलेली असते.

साच्याची दुसरी बाजू काम्यूच्या ‘परका’ (१९४२) या कादंबरीत दिसते. मेर्सोचे आयुष्य न्यायालयात तपशिलाने सांगितले जाते : आईला वृद्धाश्रमात ठेवले, तिच्या शवपेटीजवळ दूध घातलेली कॉफी घेतली, सिगारेट ओढली, तो रडला नाही, दुसऱ्याच दिवशी पोहायला गेला, विनोदी चित्रपट पाहिला. वैयक्तिक परिस्थितीचा विचार येथे पूर्णत्वाने होतो, आणि त्याच विचारातून फाशी येते. आरोपीच्या आयुष्याकडे पाहणे म्हणजे आपोआप करुणा, हे समीकरण काम्यूने मोडले आहे. तसेच हेही विसरता येत नाही, की ज्या अरब तरुणाचा खून झाला त्याला या संपूर्ण कादंबरीत नावही नाही. आरोपीच्या चरित्रात न्यायालय, कादंबरीकार आणि समीक्षक असे तिघेही गढून गेले, की मृताचे चरित्र कोणी सांगायचे हा प्रश्न उरतोच. मच्छीसिंग निकालाने शिक्षा वाढवणाऱ्या पाच वर्गांत बळीच्या व्यक्तित्वाचा समावेश केला, तो या प्रश्नाला दिलेला एक प्रतिसाद म्हणता येईल. परंतु तेथेही बळी ‘लहान मूल’, ‘असहाय स्त्री’, ‘वृद्ध’ अशा प्रवर्गांतच येतो. दोन्ही पक्षांना प्रवर्गच मिळतात.

मराठीत हा विषय सर्वांत निर्दयपणे मांडला तो विजय तेंडुलकरांनी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधील लीला बेणारेवर आरोप आहे भ्रूणहत्येचा, अभिरूप खटल्यातला. मात्र खटला चालतो तो तिच्या आयुष्यावर. पंधराव्या वर्षी सख्ख्या मामाच्या बाबतीत झालेली फसगत ही कोणत्याही शिक्षानिश्चितीच्या सुनावणीत शमनकारी परिस्थिती ठरावी अशी घटना. सुखात्मे तिचा उपयोग चारित्र्याच्या पुराव्यासारखा करतो. निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत रंगभूमी थबकते आणि बेणारेचे प्रदीर्घ स्वगत येते. प्रेक्षक ते ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. वेळ संपते, आरोपीला काही सांगायचे नाही असे ठरते. कलम २३५(२) अस्तित्वात येण्याच्या काही वर्षे आधी लिहिलेल्या या प्रसंगात त्या कलमाची पुढील शोकांतिका जवळजवळ पूर्ण मांडलेली आहे. स्वगत हा नाट्यसंकेत येथे केवळ तंत्र राहत नाही. कायद्याने जे कथन मागितले पण ज्याला श्रोता दिला नाही, त्या कथनाचे ते एकमेव शक्य रूप ठरते.

कथनातील हा दुधारीपणा फूकोने ऐतिहासिक पातळीवर उलगडला आहे. १९७५ मधील ‘शिस्त आणि शिक्षा’ या ग्रंथात तो दाखवतो, की एकोणिसाव्या शतकातील तुरुंगव्यवस्थेने ‘गुन्हा करणारा’ या संकल्पनेच्या जागी ‘गुन्हेगारी प्रकृतीचा’ माणूस आणला आणि त्यासाठी कृत्याऐवजी आयुष्य हा ज्ञानाचा विषय बनवला. चरित्र ही मग दयेची वाट न राहता निदानाचे साधन होते. गुन्हा घडण्यापूर्वीच गुन्हेगार अस्तित्वात असल्याचे ते सिद्ध करते. फूको व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्येर रिव्हिएरचे प्रकरण याचा उत्तम दाखला. १८३५ मध्ये आई, बहीण आणि भाऊ यांना ठार मारणाऱ्या या शेतकरी तरुणाने तुरुंगात आपली विस्तृत हकिकत लिहून काढली. तीच हकिकत एका गटाला शुद्धीचा पुरावा वाटली, दुसऱ्याला वेडाचा. फाशी झाली, ती जन्मठेपेत परिवर्तित झाली. १८४० मध्ये त्याने तुरुंगात गळफास घेतला. आरोपीने स्वतः, सविस्तर आणि उत्तम गद्यात सांगितले तरी अर्थ स्थिर होत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

न्यायाधीशाची स्वतःची वाङ्मयीन शैलीही यात कार्य करते. १९७४ मध्ये एडिगा अनम्मा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका चोवीस वर्षांच्या स्त्रीची फाशी रद्द केली. सासऱ्याने मारून घराबाहेर काढलेली, एकुलत्या एका लेकरासह माहेरी राहिलेली, मत्सरापोटी खून करून बसलेली, अशी ती निकालपत्रात उभी राहते. भारतीय निकालपत्रांत इतके माणूसपण असलेली व्यक्तिरेखा दुर्मीळ. तरीही टाकलेली पत्नी, एकाकी माता, मत्सरी स्त्री हे तिचे घटक लोककथेइतके जुने आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. साच्यात बसली म्हणून ती वाचली असे म्हणणे कदाचित कठोर होईल. पण जिचे आयुष्य अशा कोणत्याही ओळखीच्या कथेत बसत नाही, तिचे काय, हा प्रश्न त्या सुंदर परिच्छेदांतूनच निर्माण होतो.

या पार्श्वभूमीवर २० मे २०२२ च्या मनोज खटल्यातील निकालाचे महत्त्व वेगळे आहे. न्यायमूर्ती लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने शमनकारी साहित्य गोळा करण्याची जबाबदारी केवळ बचाव पक्षावर न टाकता राज्याने मानसशास्त्रीय मूल्यमापन सादर करावे, वय, बालपणीची व सध्याची कौटुंबिक स्थिती, शिक्षण, सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी, रोजगार यांची माहिती द्यावी, तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागवावा, असे निर्देश दिले. दारिद्र्याला अखेर यादीत नाव मिळाले. २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते; त्या मानाने हे नामकरण फार उशिराचे. निकालाचा खरा नवेपणा मात्र निवेदकांच्या अनेकत्वात आहे. परिवीक्षा अधिकारी, मानसशास्त्रज्ञ, तुरुंग अधीक्षक आणि बचाव पक्ष असे अनेक दृष्टिकोण एकाच आयुष्यावर पडतील, अशी व्यवस्था येथे प्रथम कल्पिली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या सुनावणीचे स्वरूप निश्चित करण्याचा प्रश्न न्यायालयाने स्वतःहून पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

तरीही नव्या यादीत ‘अस्थिर सामाजिक वर्तनाचा इतिहास’ ही बाब आहेच. ती शमनाच्या रकान्यात लिहिली आहे; फूकोचा वाचक ती वाचताना थबकेल. ज्याचे वर्तन अस्थिर होते त्याला सहानुभूती द्यायची, की तो सुधारणार नाही असे म्हणायचे, हे नोंद सांगत नाही. ते ठरते नोंद कोणत्या क्रमात, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या कार्यकारणभावाने सांगितली जाते यावरून. मूल दहा वर्षांचे असताना शाळा सुटली. शाळा का सुटली. घरी कोण मिळवते होते. ते मूल कामाला कोठे लागले. तेथे त्याला कोणी काय शिकवले. ही साखळी जुळली तरच ‘परिस्थिती’ हा शब्द सबब न राहता स्पष्टीकरण होतो. अशी साखळी जुळवण्यास दिवस नव्हे, महिने लागतात. गावी जावे लागते, दाखले शोधावे लागतात, न बोलणारी माणसे बोलती करावी लागतात.

दाखले शोधण्याचा प्रश्न किती मूलभूत आहे हे पुण्यातील एका प्रकरणाने दाखवले. १९९४ मध्ये तेथे एका घरात सात जणांची हत्या झाली. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२३ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने मान्य केले, की आरोपींपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता. खटल्याच्या कागदपत्रांतील त्याचे नावही त्याच्या राजस्थानातील शाळेच्या नोंदवहीतल्या नावाहून वेगळे होते. तोवर त्याची अठ्ठावीसहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती. नाव आणि वय हे कोणत्याही चरित्राचे पहिले वाक्य. शिक्षेच्या सुनावणीत ते वाक्यच चुकीचे होते, आणि त्यावर तीन न्यायालयांनी पुढील सर्व वाक्ये रचली. या हत्याकांडाच्या भीषणतेपुढे वयाची चौकशी कोणाला सुचली नाही, असे म्हणता येईल. परंतु कृत्याच्या कथेने आयुष्याची कथा कशी झाकून टाकली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कल्पनेतही रचता येणार नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातीलच एका जुन्या खटल्यात, मनोज निकालातील निर्देश पाळले गेले नव्हते म्हणून फाशीच्या कैद्याच्या शिक्षेचा प्रश्न पुन्हा सुनावणीसाठी खुला केला. अशा फेरसुनावणीत जे चरित्र मांडले जाईल त्याची एक विचित्र रचना असेल. बालपणाचे साक्षीदार वारलेले, गाव बदललेले, शाळेचे दप्तर सापडेल न सापडेल. सुसंगत, तारीखवार, सहीशिक्क्यानिशी उपलब्ध असेल तो केवळ तुरुंगातला काळ. वर्तणूक चांगली, अमुक परीक्षा उत्तीर्ण, बागकामात रस, सोबतच्या कैद्यांशी भांडण नाही. कथानायकाच्या आयुष्यातील जो भाग राज्याच्या ताब्यात गेला तेवढाच नोंदला गेलेला असेल, आणि त्याच्या आधीची वीस-पंचवीस वर्षे, ज्यांच्याविषयी कायद्याने १९७३ पासून विचारणा केली आहे, ती एखाद्या परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन दिवसांच्या गावभेटीत टिपलेल्या दीड पानात मावतील.